जाहिरातीनुसार रेझ्युमे : अनुभव तोच, मांडणी वेगळी

एकच रेझ्युमे पन्नास ठिकाणी पाठवूनही एकाही ठिकाणाहून फोन न आलेला उमेदवार बहुतेक घरांच्या ओळखीचा असतो. त्याच्याकडे पदवी असते, अनुभव असतो, जाहिरातीत मागितलेले बरेचसे काम त्याने प्रत्यक्ष केलेलेही असते. त्याच जागेसाठी त्याच्यापेक्षा वर्षभर कमी अनुभव असलेल्या दुसऱ्या कोणाला मात्र मुलाखतीचे बोलावणे येते. याचे खापर नशिबावर किंवा वशिल्यावर फुटते. काही वेळा ते खरेही असते, पण पुष्कळदा कारण कागदावरच सापडते. पहिल्याच्या रेझ्युमेत त्याने आजवर जे जे केले ते सगळे असते. दुसऱ्याच्या रेझ्युमेत त्या जागेला जे हवे तेवढेच असते, आणि ते सहज दिसेल अशा ठिकाणी असते.

रेझ्युमे म्हणजे एका विशिष्ट जागेसाठी मांडलेल्या निवडक पुराव्यांचा एक-दोन पानांचा कागद. जाहिरात एक प्रश्न विचारते आणि रेझ्युमेने त्याचे उत्तर द्यायचे असते. प्रश्न बदलला की उत्तरही बदलावे लागते, जरी उत्तर देणारी व्यक्ती आणि तिचा अनुभव तोच असला तरी. जाहिरातीनुसार रेझ्युमे बेतणे म्हणजे तीन गोष्टी ठरवणे : खऱ्या अनुभवातून काय निवडायचे, ते कोणत्या क्रमाने मांडायचे आणि कोणत्या शब्दांत सांगायचे. चौथी गोष्ट, म्हणजे तो अनुभव, बदलता येत नाही.

अर्जाचे तीन वाचक

मोठ्या किंवा मध्यम कंपनीत पाठवलेला अर्ज साधारणपणे तीन वाचकांकडून जातो. तिघांची वाचण्याची पद्धत वेगळी असते.

पहिला वाचक म्हणजे संगणक. अर्ज गोळा करणाऱ्या आणि त्यांचा माग ठेवणाऱ्या संगणकप्रणालीला ‘अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम’ किंवा थोडक्यात एटीएस म्हणतात. ती रेझ्युमेच्या फाइलमधला मजकूर उचलते आणि नाव, फोन, शिक्षण, कंपनी, पद, कालावधी, कौशल्ये अशा रकान्यांत भरण्याचा प्रयत्न करते. मग भरती करणारा कर्मचारी त्या साठ्यात शोध घेतो. उदाहरणार्थ, ‘टॅली’ आणि ‘जीएसटी’ हे दोन्ही शब्द असलेले, तीन ते पाच वर्षे अनुभवाचे, पुणे परिसरातले अर्ज तो मागतो. १९९७ साली सुरू झालेल्या ‘नोकरी डॉट कॉम’सारख्या संकेतस्थळांवरही कंपन्या उमेदवारांच्या साठ्यात असाच शोध घेतात.

संगणक सगळे अर्ज वाचून आपणहून फेकून देतो, हा समज अर्धाच खरा आहे. अर्ज आपोआप बाद होतो तो बहुधा अर्जासोबत विचारलेल्या थेट प्रश्नांमुळे : अनुभव किती वर्षांचा, नोटीस पीरियड किती दिवसांचा, रात्रपाळी चालेल का. बाकीचे अर्ज साठ्यात राहतात. मात्र शोधलेला शब्द त्यांत नसेल तर ते यादीत येत नाहीत, किंवा यादीच्या इतक्या तळाशी जातात की कोणाची नजर तिथवर पोहोचत नाही. या चाळणीत चांगली माणसेही गळतात, हे कंपन्यांनाही माहीत आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची पाहणी केली होती. वर्णनाशी तंतोतंत न जुळल्यामुळे पात्र, कुशल उमेदवार वगळले जातात, हे त्यांतल्या ८८ टक्के जणांनी मान्य केले.

दुसरा वाचक म्हणजे एचआर विभागातला भरती करणारा. त्याच्याकडे एकाच वेळी अनेक जागा असतात. आज लेखापाल, उद्या वेल्डर, परवा विक्री प्रतिनिधी. प्रत्येक कामाचे बारकावे त्याला माहीत असतीलच असे नाही. म्हणून तो विभागाने दिलेली यादी समोर ठेवून रेझ्युमे जुळवून पाहतो, आणि तेही फार वेगाने. ‘द लॅडर्स’ या अमेरिकी नोकरी-संकेतस्थळाने डोळ्यांच्या हालचाली टिपून केलेल्या अभ्यासात पहिल्या नजरेचा सरासरी वेळ २०१२ मध्ये सुमारे ६ सेकंद आणि २०१८ मध्ये ७.४ सेकंद आढळला. त्या काळात नजर मुख्यतः नाव, सध्याचे व आधीचे पद, कंपनी, तारखा आणि शिक्षण यांवरून फिरते. हा अख्खा रेझ्युमे वाचण्याचा वेळ नव्हे; पुढे वाचायचे की नाही हे ठरवण्याचा वेळ आहे. त्यामुळे महत्त्वाची गोष्ट पहिल्या पानाच्या वरच्या भागात असावी लागते.

तिसरा वाचक म्हणजे ज्या विभागात जागा रिकामी आहे त्याचा प्रमुख. त्याला काम आतून माहीत असते. मोघम वाक्ये त्याच्यापुढे टिकत नाहीत. काम किती मोठे होते, कोणत्या साधनाने केले, परिणाम काय झाला, हे तो शोधतो.

थोडक्यात, रेझ्युमेत संगणकाला शब्द सापडावे लागतात, एचआरला काही क्षणांत जुळणी दिसावी लागते आणि विभागप्रमुखाला खोली जाणवावी लागते. हे तिन्ही साधायचे तर जाहिरात नीट वाचण्यापासून सुरुवात करावी लागते.

जाहिरात वाचण्याची रीत

नोकरीच्या जाहिरातीतल्या सविस्तर वर्णनाला नोकरीच्या बाजारात ‘जेडी’, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, म्हणतात. त्यातली प्रत्येक ओळ सारख्या वजनाची नसते. ओळींचे चार गट पाडले की वर्णन उलगडत जाते.

पहिला गट अनिवार्य अटींचा : ठरावीक पदवी, किमान अनुभव, एखादा परवाना. दुसरा गट रोजच्या कामाचा : माणूस सकाळी आल्यापासून संध्याकाळपर्यंत काय करणार. तिसरा गट ‘असल्यास प्राधान्य’ अशा जोडीच्या गोष्टींचा. चौथा गट जवळपास प्रत्येक जाहिरातीत येणाऱ्या वाक्यांचा, जसे की मेहनती, संघभावना असलेला, दबावाखाली काम करू शकणारा. रेझ्युमेची बहुतेक जागा पहिल्या दोन गटांना द्यावी, उरलेली तिसऱ्याला. चौथ्या गटातली विशेषणे जशीच्या तशी लिहून काही सिद्ध होत नाही.

यानंतर दोन खुणा शोधाव्यात. एक, कोणती गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली आहे. दोन, यादीत सर्वांत आधी काय आहे. या खुणांवरून जागा कशासाठी भरली जात आहे याचा अंदाज येतो. प्रत्येक रिकाम्या जागेमागे एखादी अडचण असते : काम साचलेले असते, वसुली थकलेली असते, नवीन शाखा उघडायची असते किंवा एखादा जाणता माणूस सोडून गेलेला असतो. ती अडचण ओळखता आली की कोणता पुरावा वर आणायचा हे ठरवणे सोपे जाते.

दोन काल्पनिक जाहिराती घेऊन हे पाहता येईल. पहिली चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची. पद अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह. मागणी : बी.कॉम., तीन ते पाच वर्षे अनुभव, टॅली प्राइम, जीएसटी विवरणपत्रे, जीएसटीआर-२बी जुळवणी, पुरवठादारांची देणी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन. एसएपी येत असल्यास प्राधान्य. दुसरी पुण्यातल्या एका औषध कंपनीच्या डेपोची. पद क्रेडिट कंट्रोल एक्झिक्युटिव्ह. मागणी : वितरकांच्या थकबाकीवर लक्ष ठेवणे, एजिंग रिपोर्ट, क्रेडिट नोट, मुदतबाह्य मालाच्या परताव्याची नोंद, विक्री विभागाशी समन्वय, उत्तम संवादकौशल्य.

पहिल्या जाहिरातीत जीएसटीआर-२बी जुळवणीचा वेगळा उल्लेख का असावा? हे जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणारे पत्रक असते. पुरवठादारांनी आपापली विवरणपत्रे भरली की खरेदीदाराला कोणत्या बिलांवरच्या कराची वजावट मिळू शकते ते त्यात दिसते. पुरवठादाराने बिल दाखवलेच नाही तर खरेदीदाराची वजावट अडकते, म्हणजे पैसे अडकतात. शेकडो पुरवठादार असलेल्या कारखान्याला महिन्याच्या महिन्याला ही जुळवणी करून पुरवठादारांच्या मागे लागणारा माणूस हवा असतो. दुसऱ्या जाहिरातीतले ‘उत्तम संवादकौशल्य’ मात्र चौथ्या गटातले राहत नाही. तिथे त्याचा अर्थ ठोस आहे : रोज वितरकांना फोन करून, संबंध न बिघडवता, पैसे मागता येणे.

आधी भरलेले फडताळ

प्रत्येक अर्जाच्या वेळी कोऱ्या पानापासून सुरुवात करणे थकवणारे असते, आणि घाईत महत्त्वाचे काम आठवतही नाही. म्हणून एक मूळ दस्तऐवज तयार ठेवावा. तो कोणालाही पाठवायचा नसतो, त्यामुळे तो आठ-दहा पानांचा झाला तरी हरकत नसते. त्यात प्रत्येक नोकरीतले प्रत्येक काम, वापरलेली सॉफ्टवेअर, सांभाळलेल्या रकमा व संख्या, शिकवलेली माणसे, सुटलेले पेच, प्रशिक्षणे आणि तारखा नोंदवाव्यात.

हा दस्तऐवज म्हणजे घरातले फडताळ. त्याच फडताळातून उपवासाचे ताट वाढता येते आणि सणाचेही. साबुदाणा, शेंगदाणे, डाळ, गूळ सगळे तिथेच असते. कोण जेवायला बसले आहे यावर काय काढायचे ते ठरते. फडताळात जे नाही ते मात्र कोणत्याच ताटात येऊ शकत नाही.

नुकतेच शिक्षण संपवलेल्या उमेदवाराचाही साठा रिकामा नसतो. अभ्यासक्रमातला प्रकल्प, इंटर्नशिप, आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप, कॉलेजच्या महोत्सवाचा सांभाळलेला हिशेब, घरच्या दुकानात केलेले बिलिंग, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे नियोजन, या सगळ्यातून कामाचा पुरावा मिळतो. अट एकच : काय केले ते नेमके सांगता यावे.

एक अनुभव, दोन रेझ्युमे

आता एका काल्पनिक उमेदवाराचा साठा पाहू. नाशिकच्या एका औषध वितरकाकडे चार वर्षे काम केलेली बी.कॉम. तरुणी. मार्ग सॉफ्टवेअरमध्ये ती बिले करते आणि टॅलीत हिशेब ठेवते. जीएसटीच्या विवरणपत्रांची आकडेवारी तयार करून ती सीएकडे देते. पुरवठादार कंपन्यांची देणी, सुमारे ३०० मेडिकल दुकानांची उधारी, मुदत संपलेल्या औषधांचा परतावा, बॅचनुसार स्टॉक आणि बँकेची जुळवणीही तिच्याकडेच आहे. सध्याच्या रेझ्युमेत या सगळ्याची एकच ओळ आहे : ‘अकाउंट्सची सर्व कामे पाहते.’

ही ओळ खोटी नाही, पण तिन्ही वाचकांना निरुपयोगी आहे. संगणकाला तीत टॅली किंवा जीएसटी सापडत नाही, एचआरला जुळणी दिसत नाही आणि विभागप्रमुखाला कामाचा आवाका कळत नाही.

चाकणच्या जागेसाठी तिच्या रेझ्युमेचा वरचा भाग असा होऊ शकतो :

• सारांश : बी.कॉम., लेखा व जीएसटी कामाचा चार वर्षांचा अनुभव. टॅली प्राइम, जीएसटीआर-२बी जुळवणी, पुरवठादारांची देणी आणि बँक रिकन्सिलिएशनचे नियमित काम.
• दर महिन्याला खरेदी नोंदी जीएसटीआर-२बीशी जुळवून तफावतीची यादी केली. न दिसणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांकडे पाठपुरावा केला.
• जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी यांची आकडेवारी तयार करून तपासणीसाठी सीएकडे दिली.
• ४० पुरवठादार कंपन्यांची देणी वेळापत्रकानुसार तयार केली. टॅली प्राइममध्ये तीन बँक खात्यांची मासिक जुळवणी केली.
• बॅचनुसार स्टॉकची नोंद आणि प्रत्यक्ष मोजणी यांचा मेळ घातला.

डेपोच्या जागेसाठी तोच अनुभव असा मांडता येतो :

• सारांश : औषध वितरणात चार वर्षांचा अनुभव. ३०० मेडिकल दुकानांची उधारी, एजिंग रिपोर्ट, क्रेडिट नोट आणि मुदतबाह्य मालाच्या परताव्याचे काम.
• दर आठवड्याला थकबाकीचा एजिंग रिपोर्ट, म्हणजे कोणाकडे किती दिवसांपासून किती रक्कम अडकली आहे याची यादी, तयार करून विक्री प्रतिनिधींना दिला.
• उशीर करणाऱ्या दुकानदारांशी फोनवर पाठपुरावा केला. वादग्रस्त बिले कागदपत्रे तपासून मिटवली.
• मुदतबाह्य व खराब औषधांच्या परताव्याची बॅचनुसार नोंद ठेवून क्रेडिट नोट काढल्या.
• मार्ग सॉफ्टवेअरमध्ये बिलिंग, टॅलीत हिशेब.

दोन्ही रेझ्युमेंत एकही गोष्ट खोटी नाही, आणि दोन्हींत नोकरी, पद व तारखा अगदी सारख्या आहेत. पहिल्यात उधारीची वसुली मागे गेली, दुसऱ्यात विवरणपत्रे मागे गेली. पहिल्यात मार्ग सॉफ्टवेअरची गरज नव्हती; दुसऱ्यात ते उपयोगी, कारण औषध वितरकांच्या व्यवहारात ते सर्रास दिसते. विभागप्रमुखाला ते नाव वाचूनच उमेदवाराला हा धंदा ठाऊक आहे हे समजते. (प्रत्यक्षात असे रेझ्युमे बहुधा इंग्रजीत लिहिले जातात, पण निवडीचे आणि क्रमाचे तत्त्व भाषेमुळे बदलत नाही.)

क्रमाचे महत्त्व फार जुने आहे. सुमारे १४८२ साली, तिशीतल्या लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला नोकरीसाठी पत्र लिहिले. त्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. स्फोर्झाला युद्धाची चिंता होती. म्हणून पत्रात आधी येतात ते हलवता येणारे पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे आणि चिलखती गाड्या. शांततेच्या काळात बांधकाम करता येईल हे त्यानंतर, आणि ज्या कलेसाठी जग त्याला ओळखते ती चित्रकला शेवटाकडे. शिवाय हे सारे अशक्य वाटत असेल तर प्रयोग करून दाखवण्याची तयारीही त्यात आहे. चित्रकला त्याने लपवली नाही. समोरच्याच्या गरजेप्रमाणे तिची जागा ठरवली.

शब्द जुळवणे

एकाच कामाला वेगवेगळ्या कंपन्यांत वेगवेगळी नावे असतात. एक कंपनी ‘पुरवठादारांची देणी’ म्हणते, दुसरी ‘व्हेंडर पेमेंट’, तिसरी ‘अकाउंट्स पेएबल’. माणसाला ही तिन्ही एकच आहेत हे कळते. साधा शब्दशोध करणाऱ्या संगणकाला ते कळेलच असे नाही. म्हणून काम तेच असेल तेव्हा जाहिरातीत वापरलेले नाव रेझ्युमेत वापरावे. संक्षिप्त नाव आणि पूर्ण नाव दोन्ही प्रचलित असतील तर एकदा तरी दोन्ही लिहावीत, कारण शोधणारा कोणते टाइप करील हे सांगता येत नाही.

शब्दांची जागाही महत्त्वाची असते. कौशल्यांच्या यादीत ‘टॅली प्राइम’ लिहिल्याने शोधात नाव येते. पण विभागप्रमुखाचा विश्वास बसतो तो अनुभवाच्या ओळीत ‘टॅली प्राइममध्ये तीन बँक खात्यांची मासिक जुळवणी’ असे वाचल्यावर. त्यामुळे प्रत्येक महत्त्वाचा शब्द यादीत एकदा आणि वापराच्या संदर्भात एकदा यावा.

याचा अतिरेक घातक ठरतो. जाहिरातीतली वाक्ये जशीच्या तशी उचलली तर वाचणाऱ्याला ती लगेच ओळखू येतात, कारण ती त्यानेच लिहिलेली असतात. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्तीही टिकत नाही. संगणकाने उचललेला साधा मजकूर पडद्यावर दिसला की लपवलेले सगळे उघड होते, आणि त्यासोबत उमेदवाराची विश्वासार्हता जाते.

मोघम वाक्यातून पुरावा

‘जबाबदारीने काम केले’ हे मत आहे. ‘दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत तीन खात्यांची जुळवणी पूर्ण केली’ हा पुरावा आहे. मतातून पुराव्याकडे जाण्यासाठी चार प्रश्न पुरतात : काय केले, किती केले, कशाने केले आणि त्यातून काय झाले.

पुष्कळांना वाटते की आपल्या कामात आकडे नसतातच. पण आकडा म्हणजे केवळ नफा किंवा विक्री नव्हे. किती ग्राहक, किती फाइली, किती मशिन, किती खाटांचा वॉर्ड, किती विद्यार्थ्यांचा वर्ग, आठवड्यातून किती वेळा, किती दिवसांत, हे सगळे आकडेच आहेत. परिचारिकेने ‘३० खाटांच्या वॉर्डात रात्रपाळी सांभाळली’ असे लिहिले, की रुग्णालयाच्या मेट्रनला कामाचा ताण न सांगता कळतो. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘सुमारे’ म्हणून प्रामाणिक अंदाज द्यावा, आणि तो कसा काढला हे मुलाखतीत सांगता यावे. आधीच्या कंपनीची गोपनीय उलाढाल, ग्राहकांची नावे किंवा दर मात्र रेझ्युमेत देऊ नयेत; नवी कंपनी त्यावरूनही माणूस जोखते.

फाइल वाचता येणे

उत्तम मजकूरही संगणकाला वाचता आला नाही तर वाया जातो. मजकूर उचलणाऱ्या अनेक प्रणाली पान डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ वाचतात. दोन रकान्यांच्या आकर्षक रचनेत त्यामुळे डाव्या रकान्यातला फोन नंबर उजव्या रकान्यातल्या वाक्यात घुसू शकतो. चौकटी, आलेख, कौशल्ये दाखवणाऱ्या चांदण्या आणि पानाच्या शीर्षपट्टीत टाकलेला फोन नंबर यांचीही हीच अडचण. स्कॅन केलेला किंवा चित्र म्हणून साठवलेला रेझ्युमे तर काही प्रणालींना कोरा दिसतो.

मराठीत रेझ्युमे मागणाऱ्या जागाही असतात : वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था, भाषांतराची कामे, ग्रामीण भागातल्या स्वयंसेवी संस्था. तिथे युनिकोड फॉन्ट वापरणे गरजेचे आहे. जुन्या डीटीपी पद्धतीच्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हे असतात. शोधात त्यातला एकही शब्द सापडत नाही, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराऐवजी निरर्थक अक्षरे दिसू शकतात.

यावर एक सोपी चाचणी आहे. तयार पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे ओळी योग्य क्रमाने आणि वाचता येण्याजोग्या दिसल्या तर बहुतेक प्रणालींनाही त्या वाचता येतील. फाइलला ‘न्यू रेझ्युमे फायनल २’ असे नाव न देता उमेदवाराचे नाव व पद द्यावे.

काय वगळावे

बेतणे म्हणजे जितके घालणे तितकेच काढणेही. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्याने दहावीच्या गुणांना जागा देण्याची गरज नसते. विषयाशी संबंध नसलेले जुने कोर्स, छंदांची ठरावीक यादी आणि वर दिलेली माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञावजा वाक्य, जाहिरातीत मागितले नसेल तर, काढता येते.

लग्नाच्या बायोडेटाच्या वळणाने वडिलांचे नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती आणि संपूर्ण पत्ता लिहिण्याची सवय महाराष्ट्रात अजून दिसते. खासगी नोकरीच्या पात्रतेशी या गोष्टींचा संबंध नसतो, पण पूर्वग्रहाला त्यांतून वाट मिळू शकते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा याविषयीचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले असता, दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना प्रतिसाद मिळण्याची शक्यता कमी आढळली. आडनाव टाळता येत नाही आणि भेदभावाची जबाबदारी उमेदवाराची नाही, ती भेदभाव करणाऱ्याची आहे. तरीही अनावश्यक वैयक्तिक तपशील न देणे उमेदवाराच्या हातात असते. शहर, फोन आणि ईमेल एवढे पुरते.

बेतणे आणि खोटे यांच्यातली रेघ

निवड, क्रम आणि शब्द बदलणे हे बेतणे. पद, तारखा, पदवी किंवा कौशल्य बदलणे हे खोटे. वरच्या उदाहरणातल्या तरुणीला एसएपी येत नसेल तर ते लिहिता येणार नाही. कारखान्यातला जॉब वर्क, म्हणजे प्लेटिंगसारख्या प्रक्रियेसाठी माल बाहेर पाठवून परत आणण्याचा हिशेब, तिने केलेला नाही. तोही अनुभव म्हणून दाखवता येणार नाही. पण बाहेर गेलेल्या आणि परत आलेल्या मालाचा बॅचनुसार माग ठेवण्याचे तिचे काम त्याच्या जवळचे आहे. ते आहे तसे सांगावे. जवळचा अनुभव स्पष्टपणे सांगणाऱ्या उमेदवाराला उरलेले शिकवता येते, हे विभागप्रमुख जाणतो.

खोटे आता उघडही लवकर पडते. भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०१४ पासून सदस्यांना कायम राहणारा यूएएन क्रमांक द्यायला सुरुवात केली. पीएफ कापल्या गेलेल्या नोकऱ्यांचा कालावधी त्यावरून तपासता येतो. अनेक विद्यापीठांच्या पदव्या डिजिलॉकरशी जोडलेल्या नॅशनल अकॅडमिक डिपॉझिटरीत पाहता येतात. पार्श्वभूमीची तपासणी रुजू झाल्यानंतरही होते, आणि त्यात तफावत निघाली तर मिळालेली नोकरी जाते. आजारपण, बाळंतपण किंवा स्पर्धा परीक्षांच्या तयारीमुळे पडलेला खंड तारखा ओढून झाकण्यापेक्षा एका ओळीत सांगणे चांगले.

लेखन करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबतही हीच रेघ लागू पडते. जाहिरातीतल्या मागण्यांची यादी काढायला, भाषा नेटकी करायला ती उपयोगी पडतात. पण न केलेले कामही ती सफाईने जोडतात. पाठवण्यापूर्वी प्रत्येक ओळ स्वतः वाचावी, आणि जिच्याबद्दल दोन मिनिटे बोलता येणार नाही ती काढून टाकावी.

कुठे बेतावे, कुठे नाही

एमपीएससी किंवा बँकांच्या भरतीसाठीची आयबीपीएस परीक्षा, अशा ठिकाणी ठरावीक ऑनलाइन अर्ज आणि परीक्षा असतात. तिथे रेझ्युमेची मांडणी निवड ठरवत नाही. अटी आणि कागदपत्रे काटेकोर जुळणे महत्त्वाचे. खासगी नोकऱ्यांत मात्र प्रत्येक अर्जामागे थोडा वेळ द्यावाच लागतो. मूळ दस्तऐवज तयार असला की हे काम आटोक्यात राहते, कारण दर वेळी मुख्यतः सारांश, कौशल्यांचा क्रम आणि सध्याच्या नोकरीतल्या चार-पाच ओळी बदलायच्या असतात. अनिवार्य अटींपैकी बहुतेक पूर्ण होत असतील तर अर्ज करावा. ‘असल्यास प्राधान्य’च्या सगळ्या गोष्टी नसल्या म्हणून मागे हटू नये. मूळ अटच जुळत नसेल तर कितीही बेतून उपयोग नाही. तो वेळ दुसऱ्या जागेला द्यावा.

चौकट : पाठवण्यापूर्वीची तपासणी

१. जाहिरातीतल्या ओळी अनिवार्य, रोजचे काम, प्राधान्य आणि सर्वसाधारण अशा गटांत विभागल्या का?
२. जागेमागची मुख्य अडचण एका वाक्यात सांगता येते का?
३. पहिल्या पानाच्या वरच्या भागात त्या अडचणीचे उत्तर दिसते का?
४. महत्त्वाचे शब्द जाहिरातीतल्या नावांनीच आले आहेत का, आणि प्रत्येकामागे प्रत्यक्ष काम आहे का?
५. प्रमुख ओळींत संख्या, साधन किंवा परिणाम आहे का?
६. नोटपॅडच्या चाचणीत मजकूर नीट वाचता येतो का?
७. पद, कंपनी आणि तारखा सगळीकडे सारख्या आहेत का?

अर्ज गेल्यानंतर

बेतलेल्या रेझ्युमेचे काम फोन आल्यावर संपत नाही. मुलाखत घेणारा तोच कागद समोर ठेवतो आणि त्यातल्याच ओळींवर प्रश्न विचारतो. म्हणून कोणत्या कंपनीला कोणती प्रत पाठवली याची नोंद ठेवावी, आणि जाहिरातीचा मजकूरही जपून ठेवावा, कारण मुदत संपल्यावर तो संकेतस्थळावरून निघून जातो. नोकरी-संकेतस्थळावरची माहिती आणि पाठवलेला रेझ्युमे यांत पद किंवा तारखांची तफावत नसावी. मुलाखतीच्या आदल्या दिवशी जाहिरात आणि पाठवलेली प्रत शेजारी ठेवून प्रत्येक मागणीसमोर स्वतःचे एक उदाहरण ठरवून घ्यावे. जाहिरात नीट वाचून, खऱ्या अनुभवातून निवड करून रेझ्युमे केला असेल, तर मुलाखतीची निम्मी तयारी त्यातच झालेली असते.